इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत ज्वारीची भाकर

‘तुमचा आवडता खाद्यपदार्थ कोणता?’ हा प्रश्न जगातील अत्यंत निरुपद्रवी प्रश्नांपैकी एक समजला जातो. पाहुणा म्हणून आलेल्या लहान मुलाला तो विचारतात, शेजारी येऊन बसलेल्या अनोळखी प्रवाशालाही विचारतात. इंग्रजीची जी परीक्षा दिल्याशिवाय परदेशी विद्यापीठांचे दार सहसा उघडत नाही, त्या आयईएलटीएस नावाच्या परीक्षेच्या तोंडी भागातही जेवणखाणाचा विषय वारंवार येतो. त्यामागील हेतू सरळ आहे. जेवण सर्वांनाच ठाऊक असते. त्यामुळे उमेदवाराच्या ज्ञानाची नव्हे, भाषेची परीक्षा होते, अशी ही कल्पना. कल्पना वाईट नाही. पण अमरावती-अकोल्याच्या शिकवणी वर्गांतून हा प्रश्न ज्या रीतीने पढवला जात आहे ती पाहिली म्हणजे, एखाद्या समाजाला त्याच्याच ताटाची लाज कशी शिकवता येते याचा तो उत्तम नमुना ठरतो.

अमरावतीतील अशाच एका वर्गाची टाचणवही काही महिन्यांपूर्वी माझ्या पाहण्यात आली. तिच्यात जेवणाच्या विषयावर तीन तयार उत्तरे दिली होती. पहिले पिझ्झ्याचे, दुसरे पास्त्याचे आणि तिसरे, बहुधा राष्ट्राभिमानाची सोय म्हणून, हैदराबादी बिर्याणीचे. ती वही दर्यापूर तालुक्यातील खारपाणपट्ट्यातल्या एका शेतकऱ्याच्या मुलाची होती. पास्ता त्याने कधी खाल्ला आहे काय, असे मी विचारले. ‘नाही सर, पण सांगायला सोपा आहे,’ तो म्हणाला. मग घरी काय आवडते, असे विचारताच मात्र तो मोकळा झाला. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे, त्यांच्यासोबतची वांग्याची भाजी, हिवाळ्यातला हुरडा, आईच्या हातची पाटोडी, कढीगोळे. पाच मिनिटे तो थांबला नाही. हे सगळे परीक्षेत का सांगत नाहीस, असे विचारल्यावर त्याने दिलेले उत्तर नमूद करण्यासारखे आहे: ‘मॅडम म्हणतात, गावंढळ वाटते, मार्क कमी पडतात.’

पहिली गोष्ट, हे साफ खोटे आहे. या परीक्षेचे गुण कसे दिले जातात हे गुपित नाही. तोंडी भाग अकरा ते चौदा मिनिटांचा असतो. प्रथम घर, शिक्षण, आवडीनिवडी अशा परिचित विषयांवर प्रश्न होतात. नंतर एका चिठ्ठीवरील विषयावर एक मिनिट विचार करून एक-दोन मिनिटे बोलायचे, आणि शेवटी त्याच विषयाच्या अनुषंगाने थोडी सर्वसाधारण चर्चा. गुण चार कसोट्यांवर, आणि चारींना सारखे वजन: ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाची व्याप्ती व अचूकता, आणि उच्चार. पदार्थाच्या प्रतिष्ठेला यात गुण नाहीत. उमेदवार खरे बोलतो की खोटे, त्याचे जेवण महाग की स्वस्त, याची नोंद करण्यास परीक्षकाच्या कागदावर रकाना नाही.

इतकेच नव्हे, शब्दसंपत्तीच्या कसोटीत एक कौशल्य आवर्जून पाहिले जाते. जी गोष्ट एका शब्दात सांगता येत नाही ती दुसऱ्या शब्दांत फोड करून सांगता येते की नाही, हे ते कौशल्य होय. आता विचार करा. ‘पिझ्झा’ म्हटल्यावर सांगण्यासारखे उरते काय? परीक्षकाला तो ठाऊक आहे. उमेदवाराजवळ त्याविषयी अनुभव नाही, तेव्हा चार ठरीव विशेषणांवर त्याची गाडी थांबते, आणि पाठ केलेले बोल ओळखायला परीक्षकाला फार वेळ लागत नाही. उलट ज्याने ‘भाकर’ हा शब्द उच्चारला त्याला पुढे बोलावेच लागते. पीठ कोणत्या धान्याचे, ते गरम पाण्यात का मळायचे, लाटण्याशिवाय हातावर किंवा परातीत कसे थापायचे, वरच्या बाजूला पाणी का फिरवायचे, तव्यावरून काढून निखाऱ्यावर टाकली की ती कशी फुगते. यात कृतीचा क्रम आला, कारण आले, तुलना आली, भूतकाळ-वर्तमानकाळ आले. व्याकरणाची व्याप्ती म्हणतात ती आणखी कोणती? म्हणजे ज्या उत्तराला वर्ग गावंढळ म्हणतो तेच परीक्षेच्या हिशेबानेही अधिक चांगले उत्तर आहे.

मग वर्ग असे का शिकवतो? शिकवणाऱ्या बाईंवर राग काढून उपयोग नाही. त्याही बहुधा अल्प पगारावर राबणाऱ्या सुशिक्षित बेकार आहेत. हा व्यवहार बाजाराचा आहे. बाजाराला आधी गिऱ्हाइकाच्या मनात उणीव निर्माण करावी लागते, मग ती भरून काढण्याची किंमत लावता येते. तुला इंग्रजी येत नाही, एवढ्याने तीन महिन्यांची फी निघते. तुझे जगणेच इंग्रजीत सांगण्याच्या लायकीचे नाही, हे एकदा पटवले की सहा महिन्यांची निघते.

अर्थशास्त्रात या प्रकाराला सोयीचा आधारही सापडतो, आणि तीस-पस्तीस वर्षे हा विषय शिकवल्यामुळे त्याबद्दल दोन शब्द लिहिणे मला प्राप्त आहे. उत्पन्न वाढले की ज्या वस्तूची मागणी घटते तिला आमच्या पाठ्यपुस्तकांत ‘निकृष्ट वस्तू’ म्हणतात, आणि उदाहरण म्हणून ज्वारी-बाजरी ठरलेली. पोरांच्या ध्यानात राहते ते विशेषण, आणि व्याख्या विसरली जाते. वास्तविक तो निकृष्टपणा धान्यात नाही. विशिष्ट काळी, विशिष्ट उत्पन्नगटाच्या खरेदीत दिसणारा तो एक कल आहे, आणि गिऱ्हाईक बदलले की कलही बदलतो. याचा पुरावा अलीकडेच सर्वांनी पाहिला. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष पाळले. आपल्या सरकारने याच धान्यांना ‘श्री अन्न’ असे नवे नाव दिले. मोठ्या शहरांतील श्रीमंत वस्त्यांत ज्वारीची बिस्किटे आणि नाचणीचे पापुद्रे चकचकीत वेष्टनातून विकले जाऊ लागले. जी भाकर दर्यापूरच्या मुलाने सांगितली तर गावंढळ, तीच मुंबईच्या आहारतज्ज्ञाने इंग्रजीतून सांगितली की आरोग्यदायी. पदार्थ एकच आहे. सांगणाऱ्याचा वर्ग तेवढा निराळा.

आणि ज्वारीचे वऱ्हाडात झाले काय? एके काळी कपाशी आणि ज्वारी ही इथली जोडी होती. कपाशी घर चालवी, ज्वारी माणसांना आणि कडबा बैलांना जगवी. गेल्या चार दशकांत सोयाबीन आले, ज्वारीचा पेरा ओसरत गेला. त्याला कारणे खरीखुरी आहेत. काढणीच्या वेळी पाऊस झाला की खरिपाची ज्वारी काळी पडते, पाखरे आणि रानडुकरे उभे पीक खातात, मजुरी परवडत नाही, बैलच उरले नाहीत तर कडबा कुणासाठी? यात शिधावाटपाची भर पडली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य एक रुपया किलोने देण्याची तरतूद झाली, गहू दोन आणि तांदूळ तीन रुपयांनी. २०२३ च्या जानेवारीपासून धान्य फुकट झाले. परंतु दुकानात आले ते प्रामुख्याने गहू आणि तांदूळ. ज्या गावांत पोत्यांनी ज्वारी पिकत होती तेथील शेतकरी आज भाकरीसाठी ती विकत आणतो. तुम्हाला काय आवडते, हे त्याला कुणी विचारले होते काय?

माझ्या पिढीने १९७२-७३ च्या दुष्काळात रेशनची तांबडी मिलो खाल्ली आहे. अमेरिकेत जनावरांना घालण्यासाठी पिकवली जाणारी ती ज्वारी. तिच्या भाकरीचा रंग आणि घशात अडकणारा तिचा घास अजून आठवतो. त्या वेळीही आवडीनिवडीचा प्रश्न कुणी काढला नव्हता. आवड ही निवडीतून उपजते, आणि निवड करण्यासाठी हाताशी किमान दोन पर्याय लागतात. इंग्रजी परीक्षेचा तो साधा प्रश्न दोन पर्याय असलेला माणूस गृहीत धरतो.

हे गृहीतक किती मोठे आहे हे अमरावती जिल्ह्याच्याच उत्तर टोकाला, धारणी-चिखलदऱ्याकडे गेल्यावर कळते. मेळघाटातील कुपोषण आणि बालमृत्यू १९९३ पासून वर्तमानपत्रांत गाजत आहेत. कितीतरी समित्या येऊन गेल्या. तेथील कोरकू मुलाची घरची भाषा मराठीच्या कुळातलीच नाही, ती मुंडा गटातली. त्याला आधी हिंदी, मग शाळेची मराठी आणि मग इंग्रजी असे तीन घाट चढायचे असतात. त्याच्या घरच्या कुटकीला आणि मोहाला वहीतल्या तयार उत्तरांत जागा मिळण्याची गोष्टच सोडा. पण त्याहून संतापजनक गोष्ट वेगळी आहे. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरात घेतला, आणि २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा जादा निधी बंद केला. शाळांना हवे तर त्यांनी लोकवर्गणीतून अंडी द्यावीत, असे सांगितले. ज्या पोराच्या ताटातले अंडे सरकारने दीड वर्षाच्या आत काढून घेतले, तेच पोर उद्या मोठे होऊन परीक्षेला बसेल तेव्हा एक सभ्य गृहस्थ किंवा बाई त्याला गोड आवाजात विचारतील की, बाळा, तुला काय खायला आवडते!

ताटाच्या या लाजेला जातीची आणि धर्माचीही बाजू आहे. तिच्याविषयी आपल्या वर्तुळात फारसे बोलले जात नाही. बिर्याणीचे तयार उत्तर देणाऱ्या वर्गात बसलेला अकोल्याचा मुसलमान किंवा बौद्ध मुलगा आपल्या घरचे सणासुदीचे जेवण मोकळेपणी सांगेल काय? गोवंश हत्याबंदीची व्याप्ती २०१५ साली राज्यात वाढली, त्यानंतर तर तो आणखी जपून बोलतो. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातील महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीवर ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ मध्ये मराठीत लिहिले. वाळवलेल्या मांसापासून शिळ्या तुकड्यांपर्यंत सगळे त्यात नावानिशी आले आहे. २०२४ मध्ये ते इंग्रजीत अनुवादित झाले, आणि इंग्रजीला त्याचे अजीर्ण झाले नाही. जी भाषा हे पुस्तक पचवू शकते तिला वऱ्हाडी रोडगे पेलवणार नाहीत, हा समज कुणी पसरवला?

आता या परीक्षेच्या व्यवहाराकडे वळू, कारण लाजेचा धंदा शिकवणी वर्गापाशी संपत नाही. १९८९ मध्ये सुरू झालेली ही परीक्षा ब्रिटिश कौन्सिल, केंब्रिज आणि आयडीपी ही ऑस्ट्रेलियन कंपनी यांच्या संयुक्त मालकीची आहे. भारतातील ब्रिटिश कौन्सिलचा हा परीक्षा व्यवसाय २०२१ साली आयडीपीने १३ कोटी पौंडांना विकत घेतला. एखादी जहागीर हस्तांतरित व्हावी तशी आपल्या तरुणांची परीक्षा एका हातातून दुसऱ्या हातात गेली. ही आयडीपी ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारात नोंदलेली आहे, आणि तिचा दुसरा मोठा व्यवसाय म्हणजे परदेशी विद्यापीठांना विद्यार्थी मिळवून देणे आणि त्याबद्दल विद्यापीठांकडून मोबदला घेणे. परीक्षा घेणारा आणि गिऱ्हाईक पुरवणारा एकच! गुण देताना लबाडी होते, असे मी म्हणत नाही. तसे म्हणण्यास आधार नाही. परंतु आपल्या बाजार समित्यांत अडत्या आणि वजनकाटेवाला एकच असला तर शेतकरी संघटना गप्प बसल्या असत्या काय?

परीक्षेचे शुल्क २०२५ साली सुमारे १८,००० रुपये होते. त्याच वर्षी रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात ३१२ रुपये रोज ठरलेला होता. म्हणजे मजुराने ५७-५८ दिवस खोदकाम करावे आणि त्यातले एक पैसाही खाऊ नये, तेव्हा त्याच्या मुलीला पावणेतीन तासांची परीक्षा देता येते. हाच हिशेब शेतकऱ्याच्या भाषेत मांडायचा तर सव्वातीन क्विंटलहून अधिक सोयाबीन लागते, तेही ५,३२८ रुपयांचा हमीभाव पदरात पडला तर. (तो किती जणांच्या पदरात पडतो हे या पानाच्या वाचकांना मी काय सांगावे?) मिळालेले गुण ग्राह्य धरले जातात ते दोन वर्षेच. दोन वर्षांनी माणसाचे इंग्रजी आंबते, असे बहुधा यांचे भाषाशास्त्र असावे. पुन्हा १८,००० भरा, पुन्हा आवडता पदार्थ सांगा.

‘परदेशी जाण्याचे हे डोहाळे हवेत कशाला,’ असे काही सहकारी म्हणतील. त्यांनी जरा यादी पाहावी. परदेशी जाऊ पाहणारे सगळेच धनिकांचे चिरंजीव नाहीत. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्य शासनाची जी परदेशी शिष्यवृत्ती आहे ती अनुसूचित जातींच्या मुलामुलींसाठी आहे, आणि नामांकित विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती असल्याशिवाय तिथे डाळ शिजत नाही. प्रवेशपत्रासाठी सामान्यतः ही किंवा हिच्यासारखी परीक्षा द्यावी लागते. म्हणजे शिष्यवृत्तीचा पहिला रुपया मिळण्यापूर्वी घरचे १८,००० गेलेले असतात. आपल्याकडील परिचारिका इंग्लंडला जाऊ पाहतात. तेथील परिचारिका परिषदेत या परीक्षेच्या मार्गाने नोंदणी करायची तर बोलण्यात नऊपैकी सात श्रेणी लागते. रात्रपाळी करून ती मुलगी रुग्णाची भाषा शिकणार की पास्त्याचे वर्णन पाठ करणार?

याच जिल्ह्यातील पापळचा एक शेतकऱ्याचा मुलगा १९२० च्या सुमारास एडिंबरो आणि ऑक्सफर्डला गेला, वेदवाङ्मयावर प्रबंध लिहून डॉक्टर झाला, बॅरिस्टर झाला, परत येऊन त्याने बहुजनांसाठी शिक्षणसंस्था उभारली आणि पुढे तो देशाचा कृषिमंत्री झाला. पंजाबराव देशमुखांना बोटीवर चढण्यापूर्वी कुणी रोडगे लपवायला शिकवले असते तर त्यांनी ते ऐकून घेतले असते, असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आपल्या घरातला आहे. डॉ. लोहियांनी ‘अंग्रेजी हटाओ’चा पुकारा केला तो इंग्रजी ही सत्तेची आणि न्यायाची भाषा राहिली तर सामान्य माणूस बाहेरच राहील म्हणून. ते विश्लेषण आजही खोटे ठरलेले नाही. मात्र त्या घोषणेचा आपल्याकडे सोयीस्कर अर्थ लावला गेला. सभेत घोषणा द्यायची आणि जूनमध्ये मुलाला इंग्रजी माध्यमात घालायचे, अशी दुहेरी नीती चाळीस वर्षे चालली. परिणाम काय झाला? इंग्रजी हटली नाही. ती फक्त आपल्या शाखांतून, वाचनालयांतून, अभ्यासवर्गांतून हटली आणि राजकमल चौकापासून तोष्णीवाल लेआऊटपर्यंत दुकानदारांच्या ताब्यात गेली. महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांनी इंग्रजी शिक्षणाकडे शूद्रातिशूद्रांच्या सुटकेचे साधन म्हणून पाहिले होते. ते साधन आपण फेकले, आणि ज्याने उचलले त्याने त्याला भाडे लावले. लोहियांचा विरोध सरंजामी इंग्रजीला होता. शेतमजुराच्या मुलीने आपली भाकर इंग्रजीत ठणकावून सांगण्याला तो विरोध असूच शकत नाही.

म्हणून माझे म्हणणे कार्यकर्त्यांपुढे ठेवतो. तालुक्याच्या गावी जी सार्वजनिक वाचनालये अद्याप तग धरून आहेत तेथे आठवड्यातून दोन संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचा विनाशुल्क वर्ग सुरू करता येईल. निवृत्त शिक्षक-प्राध्यापकांची आपल्याकडे वाण नाही. निवृत्तिवेतन घेऊन सकाळी फिरायला जाणाऱ्यांत मीही एक आहे, आणि माझे नाव पहिल्या वर्गासाठी धरावे. पाठ केलेले उत्तर या वर्गांत चालणार नाही. विद्यार्थ्याने आपल्या घरचे, शेतातले, मोहल्ल्यातले सांगायचे. आंबील, गाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, कोरकूंची कुटकी, ईदचा शीरखुर्मा यांची सुबोध इंग्रजी वर्णने मुलांनीच लिहून काढावीत, शिक्षकांनी व्याकरण तपासावे. आपण वऱ्हाडात कोथिंबिरीला सांभार म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला मात्र मद्रासी आमटी दिसते, असल्या गमती इथेच उलगडतील आणि त्यांतून बोलण्याची भीडही चेपेल. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातील अध्यापकांना ज्वारी-तुरीवर इंग्रजीत लिहिण्याची सवयच आहे. त्यांच्याकडून शब्दांची मदत मागावी, ती ते नाकारणार नाहीत.

वर्णनांचे हे काम पंधरा दिवसांत उरकण्यासारखे आहे. शुल्काचे तसे नाही. शासकीय शिष्यवृत्तीस पात्र असलेल्या प्रत्येक उमेदवाराचे परीक्षाशुल्क पहिल्या प्रयत्नापुरते शासनाने आगाऊ भरावे, ही मागणी समाजकल्याण विभागाकडे लेखी द्यावी लागेल. उत्तर आले नाही तर अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्हाधिकारी कचेऱ्यांसमोर एकाच दिवशी बसावे लागेल. त्या दिवशी भाकर-ठेचा सोबत न्यावा, आणि बाहेर येऊन निवेदन स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याला त्याविषयी मुलांनी इंग्रजीतच सांगावे.